चाळीस शेळ्या आणि एक वही: सांगोल्यातील नव्या शेळीपालकाला मिळालेल्या व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाविषयी

शेती किंवा पशुपालनात नव्याने उतरणाऱ्याला आपल्याकडे तांत्रिक प्रशिक्षण बऱ्यापैकी मिळते. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आहेत, शेळी-मेंढीसाठी फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. शेळीला काय खाऊ घालावे आणि लस कधी टोचावी, हे तिथे नीट सांगितले जाते. परंतु पहिल्या दीड वर्षात पैसा कधी लागेल आणि कधी येईल, माल कोणाला आणि कोणत्या मापाने विकायचा, कर्ज किती पेलेल, याचा विचार शेजारी बसून करणारा माणूस सहसा मिळत नाही. बँकेच्या शेती कर्ज विभागातून निवृत्त झाल्यावर काही नव्या शेतकऱ्यांसोबत असे बसण्याचे काम मी स्वीकारले. त्यातील एक प्रकरण येथे मांडत आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे त्यांच्या वहीतले असून सोयीसाठी पूर्णांकात दिले आहेत.

पार्श्वभूमी

हे कुटुंब सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातले आहे. जमीन साडेचार एकर, त्यातील दोन एकरांवर डाळिंब होते. तेल्या आणि मर या रोगांनी आणि त्यानंतर खोडाला छिद्रे पाडणाऱ्या किडीने तालुक्यातील बागांची जी अवस्था केली, तीच या बागेचीही झाली आणि २०२१ मध्ये झाडे उपटावी लागली. मुलगा त्या वेळी तिशीच्या आत होता आणि चाकणला मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. पगार हातात १९ हजार रुपये येई, त्यातले जवळजवळ ८ हजार खोली आणि खाणावळीत जात. पत्नी आणि लहान मुलगी गावीच होती. दिवाळीत तो घरी आला तो परत न जाण्याचे ठरवूनच.

शेळीपालनाचा निर्णय अविचाराने घेतलेला नव्हता, हे आवर्जून सांगावेसे वाटते. त्याने पाच दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते, चार-पाच गोठे पाहिले होते आणि जातही योग्य निवडली होती. उस्मानाबादी शेळी कोरड्या हवेत टिकते, जुळी करडे देण्याचे तिचे प्रमाण चांगले असते आणि मांसाला तिला मागणी असते. भविष्य निर्वाह निधी आणि बचत मिळून ४ लाख ६० हजार रुपये होते. घरातील सोने तारण ठेवून आणखी २ लाख उभे केले. यातून २ लाख ७० हजारांचा लोखंडी सांगाड्याचा उंच जाळीचा गोठा झाला. ४० शेळ्यांना ३ लाख ४० हजार आणि २ बोकडांना २४ हजार लागले. हाती उरले २६ हजार.

माझ्या मते या प्रकरणातील पुढची प्रत्येक अडचण या शेवटच्या आकड्यात आधीच होती. शेळी सुमारे पाच महिने गाभण असते, करडू विक्रीयोग्य होण्यास आणखी सहा ते आठ महिने जातात, म्हणजे पहिल्या वर्षात गोठ्यातून जवळजवळ काहीच येत नाही आणि खाणे मात्र पहिल्या दिवसापासून लागते. एकूण भांडवलातील चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम गोठ्यात रोवली गेली आणि चाळीस तोंडांच्या वर्षभराच्या वैरणीसाठी २६ हजार राहिले. खेळते भांडवल हा शब्द त्याने प्रशिक्षणात ऐकला होता. स्वतःच्या गोठ्यासाठी ते किती लागेल, हा हिशेब मात्र कोणी त्याच्याकडून करून घेतला नव्हता.

अडचण

जुलै २०२२ मध्ये त्याने कळपातील शेवटच्या आठ शेळ्या आठवडे बाजारातून आणल्या आणि त्याच संध्याकाळी इतरांसोबत एकाच गोठ्यात बांधल्या. बाहेरून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे, हे त्याला ठाऊक होते, परंतु पाऊस चालू होता आणि वेगळे ठेवायला दुसरी कोरडी जागा नव्हती. दहा-बारा दिवसांत शेळ्यांना ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात फोड आणि हगवण सुरू झाली. पशुवैद्यकांनी पीपीआरचे निदान केले. या विषाणूजन्य रोगावर नेमका उपचार नाही. प्रतिबंधक लस मात्र आहे आणि तिचे संरक्षण साधारण तीन वर्षे टिकते. ११ शेळ्या आणि १९ करडे गेली. जनावरांच्या कानात बिल्ले नव्हते, विमा उतरवलेला नव्हता, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रथम माझ्याकडे आला तेव्हा गोठ्यात २९ शेळ्या, २४ करडे आणि २ बोकड होते. पहिल्या वर्षात चारा, खुराक आणि औषधांवर १ लाख ६२ हजार रुपये गेले होते, विक्री फक्त सहा करडांची आणि तीही नगामागे ४ हजारांनी, म्हणजे २४ हजारांची झाली होती. मधली तफावत पशुखाद्य दुकानाच्या उधारीने आणि मेहुण्याकडून घेतलेल्या उसनवारीने भरली होती. सोनेतारण कर्जाची मुदत एप्रिलमध्ये संपत होती.

तो माझ्याकडे मदत मागायला आला नव्हता. हातात एक बांधीव प्रकल्प अहवाल होता आणि तो बँकेत टिकेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटासाठी खर्चाच्या निम्मे, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. त्यासाठी एका एजंटाने तो अहवाल करून दिला होता. त्याचे म्हणणे असे होते, "सर, चाळीस शेळ्यांत भागत नाही. शंभर असत्या तर भागलं असतं."

मी अहवालाचे उत्पन्नाचे पान उघडले. प्रत्येक शेळी वर्षातून दोनदा विणार, प्रत्येक वेताला दोन करडे देणार आणि एकही मरणार नाही, असे धरून शंभर शेळ्यांची वर्षाला चारशे करडे दाखवली होती. मी त्याला त्याच्याच गोठ्याचा हिशेब त्या पानाच्या समासात लिहायला सांगितला. चाळीस शेळ्यांपासून वर्षात जन्मली ५५ करडे. त्यांतली १९ साथीत गेली, ६ इतर कारणांनी. उरली ३०. शेळीमागे एकही पूर्ण करडू हाती आले नव्हते. साथ बाजूला ठेवली तरी अहवालातील चार आणि वहीतील सव्वा यांतले अंतर भरून निघत नव्हते. तो बराच वेळ त्या समासाकडे पाहत राहिला आणि मग त्याने अहवाल बंद केला.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दोन बैठकांत आम्ही पर्याय कागदावर मांडले.

पहिला पर्याय अर्थातच मोठा प्रकल्प. अनुदान खरे होते आणि योजना चांगली होती, यात शंका नाही. परंतु ते पैसे आधी हातात येत नाहीत. स्वतःचा वाटा आणि बँकेचे कर्ज आधी उभे राहावे लागते, काम झाल्याची खात्री झाल्यावर हप्ते मिळतात. शंभर जनावरांच्या वैरणीसाठी पाणी नव्हते. विहिरीला मार्चनंतर तासभर मोटार चाले. आणि जो तोटा एका शेळीमागे होत होता, तो शंभर शेळ्यांमागे शंभरपट झाला असता.

दुसरा पर्याय सगळे विकून चाकणला परत जाण्याचा. घरात हा शब्द कोणी उच्चारत नव्हते, म्हणून तो मीच मांडला. आज कळप विकला तर किती येतील, उधारी आणि सोने सोडवून किती उरतील, हे आम्ही लिहिले. जेमतेम बरोबरी होत होती. बाहेर पडण्याचा रस्ता उघडा आहे आणि त्याची किंमत किती, हे ठाऊक असले की माणूस बाकीचे निर्णय शांतपणे घेतो, हा माझा कर्ज वसुलीच्या काळातला अनुभव आहे.

वडिलांचा, म्हणजे आबांचा, पर्याय पुन्हा डाळिंब लावण्याचा होता. तीन वर्षे उत्पन्नाविना काढण्याची कुवत नसल्यामुळे तो लवकर बाजूला पडला, जरी आबांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

चौथा पर्याय कळप वाढवण्याऐवजी कमी करण्याचा होता. ज्या शेळ्या खर्चाइतकेही देत नाहीत त्या काढायच्या, उरलेल्यांची करडे जगवायची, विक्री वजनावर करायची आणि घरच्याच पाटींतून, म्हणजे माद्या करडांतून, सावकाश कळप पुन्हा उभा करायचा. त्याला तो पटला नाही. गावात लोक गोठ्यातली जनावरे मोजतात. चाळीसचे बावीस झाले की धंदा बसला, असेच म्हटले जाणार होते. मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी माण तालुक्यातील एका जुन्या शेळीपालकाकडे त्याला घेऊन गेलो.

ही भेट माझ्या दहा बैठकांच्या मोलाची ठरली. वीस वर्षे शेळ्या राखणाऱ्या त्या गृहस्थांचा गोठा बाभळीच्या मेढी आणि जुन्या पत्र्यांचा होता. नवीन जनावरांसाठी शंभर पावलांवर बांधाकडेला वेगळा आडोसा होता. त्यांनी विचारले, "तुझ्या कोणत्या शेळीनं गेल्या वर्षी काहीच दिलं नाही?" त्याला उत्तर देता आले नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, "सर, त्यांना प्रत्येकीची आई माहीत आहे." चौथा पर्याय त्याने त्या रात्री स्वतः निवडला.

केलेली कामे

सुरुवातीला आम्ही एका पानाचा करार लिहिला. मी पैसे देणार नाही, जामीन राहणार नाही आणि विक्रीत माझा हिस्सा नसेल. पहिले तीन महिने पंधरवड्याला आणि नंतर महिन्याला एक बैठक त्यांच्याच अंगणात होईल, मुदत अठरा महिन्यांची असेल, आणि प्रत्येक निर्णय कुटुंबाचा असेल. हा करार मला आवश्यक वाटतो. गावात मोठ्या माणसाचा सल्ला आज्ञेसारखा घेतला जातो आणि मग नुकसानीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मग वही आली. शंभर पानी, आखीव. तारीख, काय झाले, पैसे आले, पैसे गेले, शिल्लक, असे पाच रकाने. पहिल्या दोन महिन्यांत ती अर्धवट भरली जाई. तो चाऱ्यासाठी आणि पाण्यासाठी दिवसभर बाहेर असे आणि रात्री आठवून लिही. तिसऱ्या बैठकीत मी विचारले, की काळ्या पाटीचे करडू कोणत्या महिन्यातले. तो अडखळला. चहा घेऊन आलेली त्याची पत्नी उभ्यानेच म्हणाली, "संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं. जुळं होतं, एक पाट गेली." आणि मग तिने एकामागून एक सगळ्या २९ शेळ्यांची वेते, जुळी-एकली, कोणती दुधाला कमी, कोणती करडाला पाजत नाही, हे न थांबता सांगितले.

पहाटेचे झाडणे, करडे पाजणे, आजारी जनावर वेगळे करणे, दुपारचा पाला, ही दिवसाची पाच तासांची कामे तीच करत होती. तीन बैठका मी फक्त नवऱ्याशी बोललो होतो. त्या दिवसापासून वही तिच्याकडे गेली आणि बैठकीत तिची खुर्ची आली. ती मला "सर" म्हणे, मी तिला "ताई" म्हणू लागलो. वहीत एक सहावा रकाना वाढला, तो शेळीच्या क्रमांकाचा.

तिच्या सांगण्यावरून काढण्याच्या सात शेळ्या एका संध्याकाळी ठरल्या. दोन भाकड, तीन वारंवार गाभडणाऱ्या, दोन करडांना न पाजणाऱ्या. खाटकाकडे जाणाऱ्या या जनावरांचे ५२ हजार रुपये आले. त्यातून सोनेतारणाचे व्याज भरून कर्जाचे नूतनीकरण झाले आणि दुकानाची निम्मी उधारी फिटली.

विक्रीची पद्धत बदलायला एक लटकता वजनकाटा पुरला. त्याची किंमत दीड हजार रुपये होती आणि त्या महिन्यात तीही जड वाटत होती. मार्चमध्ये नेहमीचा व्यापारी आला, त्याने एका बोकडाच्या पाठीवरून, मग कमरेवरून हात फिरवला आणि म्हणाला, बावीस किलो असेल, साडेसहा हजार देतो. तोपर्यंत सगळा व्यवहार असाच, नजरेने आणि उक्ता होत असे. त्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला काटा अडकवला होता. खताच्या पोत्याला चार पायांसाठी भोके पाडून केलेल्या झोळीत बोकड घातला आणि वर उचलला. तो दोनदा झटके देऊन स्थिर झाला तेव्हा आकडा २७.४ वर थांबला. व्यापाऱ्याने काटा आपल्या हाताने शून्यावर आणून पुन्हा वजन करायला लावले. आकडा तोच आला. त्या वेळी भागात जिवंत वजनाला ३४० रुपयांच्या आसपास दर होता. घासाघीस होऊन ८ हजार ९०० ला व्यवहार ठरला. व्यापारी रागावला नाही, उलट पुढे वजनावरच घेऊ लागला. त्यालाही नजरेची जोखीम टळते.

एप्रिल-मेमध्ये दहा बोकड असेच वजनावर गेले. मे महिन्यात पीपीआरची लस आणि पावसाच्या तोंडावर आंत्रविषाराची लस झाली. गावातील पशुसखीने, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी पाहणाऱ्या प्रशिक्षित बाईने, तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून दिल्या. वेगळ्या ठेवायच्या जनावरांसाठी जुने पत्रे लावून दूर आडोसा झाला. चाऱ्यासाठी अर्ध्या एकरावर दशरथ घास आणि मेथीघास, बांधावर शेवरी लावली. लेंडीखत पूर्वी लोक फुकट नेत, ते आता ट्रॉलीच्या दराने डाळिंब बागायतदारांना जाऊ लागले. सर्व जनावरांच्या कानात बिल्ले मारून विमा उतरवला. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे यावे लागेल.

दुष्काळातला निर्णय

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होता. घास वाळू लागला, कडब्याचा दर चढला आणि नोव्हेंबरच्या बैठकीत एकच प्रश्न होता: गोठ्यातील १४ नर करडांचे काय करायचे?

माझे मत स्पष्ट होते. सगळे विकावेत. वैरण विकत घेऊन नर पोसणे म्हणजे दुष्काळात कर्ज वाढवणे, असे मी म्हणालो. बँकेत घालवलेल्या वर्षांनी मला हेच शिकवले होते, आणि मी ते थोडे अधिक ठामपणे बोललो, हे आज मान्य करतो. ताईंनी विरोध केला. पुढच्या वर्षीची बकरी ईद १७ जूनच्या सुमारास होती. कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पूर्ण लागतो. मार्च ते मे या काळात जन्मलेले सहा नर तोपर्यंत वर्षाचे होणार होते आणि त्यांची अंगकाठी चांगली होती. "सर, हे सहा आत्ता दिले तर आपण बोकड विकले, जूनमध्ये दिले तर ईदचा माल विकला," असे त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांची मते बाजूला ठेवून हिशेब मांडला. तेव्हाचे वजन वीस किलो, म्हणजे नगामागे सुमारे ७ हजार मिळाले असते. जूनपर्यंत सव्वासात महिन्यांचा खर्च, दुष्काळी दराने दिवसाला १८ रुपये धरून, ३ हजार ९०० होत होता. म्हणजे जूनमध्ये नगाला ११ हजारांच्या वर जे मिळेल तो फायदा, आणि मधल्या काळात जनावर मेले तर पूर्ण तोटा. सहाच्या सहांचा खर्च २३ हजारांच्या आसपास जात होता. उरलेले आठ नर लगेच विकले तर तो भागत होता. त्यामुळे आठ विकायचे, सहा ठेवायचे आणि फेब्रुवारीअखेर वैरण संपली तर तीन आणखी काढायचे, असे ठरले. ती वेळ आली नाही, कारण आठ विकून आलेल्या पैशांतून त्यांनी कडबा आणि तुरीचे भुसकट नोव्हेंबरमध्येच, दर आणखी चढण्याआधी भरून ठेवले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक घरी येऊ लागले. पाच बोकड सरासरी ३४ किलोचे भरले आणि किलोला ४८० रुपयांनी, नगाला सुमारे १६ हजार ३०० रुपयांना गेले. सहावा त्यांच्याच तोडीचा होता, पण त्याच्या कानातला बिल्ला जाळीत अडकून कान टोकापर्यंत फाटला होता. कान फाटलेले, शिंग मुळातून मोडलेले किंवा लंगडणारे जनावर कुर्बानीसाठी सहसा चालत नाही. तीन गिऱ्हाइकांनी त्याला उचलून पाहिले आणि खाली ठेवले. शेवटी तो मांसाच्या दराने ११ हजार ९०० ला गेला. साडेचार हजारांच्या जवळपास हे नुकसान माझ्या सल्ल्याने झाले. सगळ्यांना बिल्ले मारा, असे मीच सांगितले होते.

परिणाम

मार्गदर्शनाची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. सोने मार्च २०२५ मध्ये सुटले. २०२४-२५ या वर्षात ३१ जनावरांच्या विक्रीचे २ लाख ९५ हजार आणि लेंडीखताचे २२ हजार आले. वैरण, खुराक, औषधे, विमा आणि व्याज मिळून १ लाख ३२ हजार खर्च झाला. १ लाख ८५ हजार उरले, म्हणजे महिन्याला सव्वापंधरा हजारांच्या थोडे वर. चाकणच्या पगाराहून हा आकडा कमी आहे. खोली आणि खाणावळीचा खर्च वजा केला तर अधिक आहे. परंतु यात दोघांच्या मजुरीचे काहीच धरलेले नाही, आणि ती धरली तर चित्र इतके उजळ राहत नाही, हे नोंदवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. कळपात आता ३४ शेळ्या आहेत आणि वाढलेल्या सगळ्या घरच्या पाटी आहेत. बाजारातून एकही आणलेली नाही. करडांची मरतूक पहिल्या वर्षी जवळजवळ निम्मी होती, आता दहात एकाच्या आसपास असते.

मोठ्या प्रकल्पाचा अर्ज त्यांनी केला नाही. पाणी आहे तेवढेच आहे. पुढे केला तर तो स्वतःच्या वहीवरून करतील.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट वेळेची आहे. मी त्यांना भेटलो तेव्हा गोठा बांधून झाला होता. जो सल्ला सर्वाधिक पैसे वाचवू शकला असता, म्हणजे गोठ्यावर एक लाखाच्या आत खर्च करा, पंधरा शेळ्यांनी सुरुवात करा आणि बारा महिन्यांची वैरण बाजूला ठेवा, तो देण्याची संधी निघून गेलेली होती. प्रशिक्षण संपते आणि पहिली खरेदी होते, त्या मधल्या दोन-तीन महिन्यांत मार्गदर्शक भेटायला हवा. तेव्हा माणूस उत्साहात असतो आणि सल्ला मागत नाही, ही अडचण खरी आहे. माझ्या मते प्रशिक्षणाचा शेवटचा दिवसच एखाद्या अनुभवी शेळीपालकाच्या अंगणात आणि वही उघडून व्हावा.

पहिल्या तीन बैठका मी त्याच्या पत्नीशिवाय घेतल्या. त्यामुळे सात अनुत्पादक शेळ्या दोन महिने अधिक पोसल्या गेल्या. जनावरे कोणाच्या नावावर आहेत यापेक्षा त्यांच्याजवळ दिवसातून किती तास कोण असते, हे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. आमच्या पिढीतील कर्ज अधिकारी नेहमी सातबाऱ्यावरच्या नावाशी बोलले. ती सवय मी सोबत आणली होती.

बिल्ल्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. विम्यासाठी बिल्ला लागतो आणि पैदाशीच्या शेळ्यांना विमा हवाच. ईदसाठी राखायच्या नरांना मात्र आता ते गळ्यात क्रमांकाचा पट्टा बांधतात आणि विम्याविना राहण्याची जोखीम जाणून पत्करतात. बाजाराचे हे बारकावे मला ठाऊक नव्हते. माणमधल्या त्या जुन्या शेळीपालकांना नक्की ठाऊक असणार. मार्गदर्शक एकच असावा असा हट्ट धरू नये, हे मला यातून उमगले. पैशांचे जाणणारा एक आणि जनावराचे व बाजाराचे जाणणारा एक, अशी जोडी अधिक उपयोगी पडली असती.

शेवटी, निरोप घेण्याची तयारी मी केली नव्हती. मुदत संपल्यावरही प्रत्येक विक्रीआधी फोन येत राहिला. दर काय मागू, हे विचारण्यासाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी प्रथमच आकडा सांगण्याचे नाकारले आणि वहीत गेल्या तीन विक्री काय दराने झाल्या ते वाचून दाखवायला सांगितले. तो थोडा दुखावला. शेवटच्या चार महिन्यांत मी स्वतःहून हळूहळू मागे सरकलो असतो, तर हे दुखावणे टळले असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या बाजूला गेलो होतो तेव्हा सहज त्यांच्याकडे डोकावलो. बकरी ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे २०२७ मध्ये ती मेच्या मध्यावर येणार. तोवर बोकड वर्षाचा व्हायचा तर करडू एप्रिल २०२६ पर्यंत जन्माला यावे लागते आणि शेळी या नोव्हेंबरातच फळावी लागते. ताईंनी हे वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांच्या चौकटी आखून मांडले होते. ऑगस्टपासून कळपापासून वेगळा बांधलेला बोकड त्यांच्या नवऱ्याने दावे सोडून गोठ्याकडे आणला. त्यांनी तारीख लिहिली, पुढे बारा शेळ्यांचे क्रमांक लिहिले आणि मला विचारले, "सर, चहा ठेवू ना?"